दुसरी सही

आमच्या घरापासून चार मिनिटांच्या अंतरावर झेरॉक्सचे एक दुकान आहे. दुकानाच्या कडेने एक लोखंडी जिना माडीवर जातो. १९७९ साली त्या माडीवर टायपिंगचा क्लास होता आणि इंग्रजी चाळीसची परीक्षा मी तिथेच शिकून दिली. संध्याकाळी त्या खोलीतली खडखड गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायची. आता त्याच माडीवर सव्वीस वर्षांची एक मुलगी बसते. खाली सोशल मीडियाची कामे करून मिळतील अशा अर्थाची पाटी आहे. वरून आवाज म्हणून येत नाही. ही मुलगी दिवसभर करते तरी काय, असा प्रश्न गल्लीतल्या प्रत्येकाला पडलेला होता आणि प्रत्येकाने आपापल्या परीने त्याचे उत्तरही देऊन टाकले होते. माझे उत्तर असे होते की, ती दिवसभर मोबाइल बघते आणि त्याबद्दल लोकांकडून पैसे घेते.

हे उत्तर चुकीचे आहे, हे कळायला मला जवळजवळ एक वर्ष लागले. ते कळता कळता माझी स्वतःची एक चूक उघडी पडली. ती न सांगता हा लेख लिहिणे म्हणजे खातेवही दाखवायची आणि थकबाकीचे पान दुमडून ठेवायचे, तसे होईल. तेव्हा ती सांगणार आहे. पण आधी ओळख कशी झाली ते सांगते.

मी अडतीस वर्षे बँकेत होते. १९८१ साली क्लार्क म्हणून लागले, पुढे ऑफिसर झाले आणि २०१९ च्या मे महिन्यात निवृत्त झाले. कादंबऱ्या लिहिण्याचा उद्योग नोकरीत असल्यापासूनचा. चार झाल्या. त्यांतल्या दोन वाचनालयांतून बऱ्या फिरल्या, दोन आमच्या माळ्यावर आहेत. २०२४ साली पाचवी निघाली तेव्हा पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला. म्हणाले, "बाई, आता पुस्तक छापणं सोपं झालंय, ते छापलंय हे लोकांना कळवणं अवघड. तुमच्या सांगलीत सोशल मीडियाचं काम बघणारं कुणी असेल तर गाठा." भाचीने या मुलीचे नाव सुचवले. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिनेच तसे सांगितले आहे. "माझं काम मागं राहायचं आहे काकू," असे तिचे म्हणणे.

पंचेचाळीस वर्षांनी तो जिना चढले. दोन टेबले, दोन मोबाइल, एक जुना लॅपटॉप, तिपाईवर बसवलेला कंकणासारखा गोल दिवा आणि भिंतीवर एक पांढरा फळा. फळ्यावर महिन्याचे चौकोन आखलेले. त्यांत सण होते, लग्नाच्या तिथी होत्या, शाळांच्या परीक्षा होत्या, कुणाच्या दुकानाचा वर्धापनदिन होता आणि एका चौकोनात नुसतेच ‘पगार’ असे लिहिले होते. पगार लोकांच्या खात्यांत कधी जमा होतो, हे तिच्या व्यवसायात फार महत्त्वाचे असते, असे मागाहून कळले. तिच्याकडे तेव्हा सोळा ग्राहक होते. त्यांत सराफ होते, साड्यांचे दुकान होते, दातांचा दवाखाना होता, भडंगवाले होते आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारे एक गृहस्थही होते.

मी पुस्तक टेबलावर ठेवले आणि किती पैसे पडतील असे विचारले. तिने पुस्तक उघडले, मलपृष्ठ वाचले, पहिले पान वाचले आणि विचारले, "काकू, तुमच्या कादंबऱ्या कोण वाचतं?"

"वाचक," मी म्हणाले.

"हो, पण म्हणजे कोण? साधारण वय काय? गावातले की शहरातले? विकत घेतात की वाचनालयातून आणतात? पत्र पाठवणाऱ्यांत बायका जास्त की पुरुष?"

मला उत्तर देता येईना. रिझर्व्ह बँकेने २००२ साली ‘आपला ग्राहक ओळखा’ म्हणून सूचना काढल्या तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी किती जणांना कागद अपुरा म्हणून काउंटरवरून परत पाठवले असेल! आणि स्वतःच्या पुस्तकांचे गिऱ्हाईक कोण, हे मला चार कादंबऱ्यांनंतरही माहीत नव्हते. ती मुलगी हसली नाही. तिने एक वही काढली आणि मला आठवतील तेवढ्या वाचकांची पत्रे, फोन, गावे लिहून घेतली. दोन तास लागले.

त्यानंतर मी तिथे अधूनमधून जाऊन बसू लागले. तिचे काम काय असते, ते थोडक्यात सांगते, कारण आपल्यापैकी बहुतेकांची समजूत माझ्यासारखीच असणार. आपण मोबाइलवर बोटाने चित्रे वर सरकवत असतो. कुठल्या चित्रावर किती सेकंद थांबलो, कशावर बोट टेकवले, काय दुसऱ्याला पाठवले, याची नोंद होत असते. लोक जिथे थांबतात ते आणखी लोकांना दाखवले जाते, जिथे थांबत नाहीत ते मागे पडते. म्हणजे कपड्याच्या दुकानाला रस्त्यावरची जागा मिळावी की गल्लीतली, हे दर घटकेला नव्याने ठरते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन सेकंदांत काय दिसावे यासाठी ती अर्धा अर्धा दिवस घालवते. पैसे भरून जाहिरात जास्त लोकांपुढे नेता येते आणि कुठल्या गावच्या, किती वयाच्या माणसांपुढे न्यायची तेही निवडता येते. एका सराफासाठी तिने सांगली, मिरज, तासगाव आणि जयसिंगपूर एवढाच परीघ आखला होता. "पुण्याचा माणूस इथं अंगठी घ्यायला येणार आहे का?" असे म्हणून तिने त्यांचे चार पैसे वाचवले. मजकूर मराठीत तीच लिहिते. एका ओळीसाठी ‘सूट’ की ‘सवलत’ असा घोळ ती घालताना मी पाहिले आहे आणि लेखकाच्या जातीचा माणूस मला त्यात ओळखू आला. आमच्या गावात आज सर्वांत जास्त वाचले जाणारे मराठी आम्हा साहित्यिकांपैकी कुणाचे नसून या मुलीचे असावे, असा मला दाट संशय आहे.

रात्री नऊ-दहानंतर तिच्या कामाचा दुसरा भाग सुरू होतो. तो कुणाला दिसत नाही. दुकानांच्या पानांवर लोक काय काय लिहून जातात, ते वाचायचे, उत्तरे द्यायची आणि घाण असेल ती काढून टाकायची. साडी नेसलेल्या मुलीच्या फोटोखाली माणसे जे लिहितात, ते ती मला दाखवत नाही. "तुम्ही नका बघू काकू," म्हणते. तिच्या आईला याचाच घोर आहे. स्थळे येतात, मुलगी काय करते म्हणून विचारतात आणि ‘सोशल मीडिया’ म्हटले की समोरचे गप्प होतात. १९८१ साली ‘मुलगी बँकेत आहे’ या तीन शब्दांवर माझे लग्न पंधरा दिवसांत ठरले होते. अर्थात शाखेत बसल्यावर लोक मलाच विचारायचे, "बाई, साहेब कुठं आहेत?" साहेब मीच झाल्यावरही काही वर्षे विचारत होते. तिला लोक विचारतात, "तुमचा बॉस कधी येतो?"

आता पहिली कबुली. ती लहान आहे. पुस्तकाला महिनाभरात वाचकांचे अभिप्राय फारसे आले नाहीत तेव्हा मी तिला सुचवले की, भाची, तिच्या मैत्रिणी, आमच्या यजमानांचे मित्र अशा दहा-बारा जणांच्या नावांनी चांगले चांगले अभिप्राय आपणच लिहून टाकू. मजकूर मी देते. तिने मान वर न करता सांगितले, "नको काकू. त्यासाठी सुद्धा आता भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, २०२२ पासून. ऑनलाइन अभिप्राय कसे घ्यायचे, कसे छापायचे त्याचं. सक्तीचं नाही, पण आहे. आणि मानक नसतं तरी मी केलं नसतं." जन्मभर सह्या पडताळून पाहिलेल्या बाईला खोट्या सह्यांचा सल्ला देताना लाज वाटली नाही आणि तो नाकारताना त्या मुलीला संकोच वाटला नाही. मी चहा मागवला आणि विषय बदलला.

याचा अर्थ ती धुतल्या तांदळासारखी आहे असा नाही. साड्यांच्या एका दुकानासाठी तिने ‘शेवटचे दोन दिवस’ अशी जाहिरात केली होती. तो सेल पुढे बारा दिवस चालला. मी तिला चिडवले तर म्हणाली, "आणि काकू, तुमच्या बँकांच्या मार्चएंडच्या ठेवी?" तिचे वडील एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट होते, त्यामुळे तिला या गोष्टी घरातूनच ठाऊक. ३१ मार्चला उद्दिष्ट पुरे दिसावे म्हणून ओळखीपाळखीच्या मोठ्या ठेवी ओढून आणायच्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या निमूटपणे जाऊ द्यायच्या, हे मी केलेले आहे. वरिष्ठांनी त्याबद्दल पाठ थोपटलेलीही आहे. तेव्हा ‘शेवटचे दोन दिवस’ हा विषय आम्ही तिथेच बरोबरीत सोडवला.

ती या धंद्यात आली कशी, हे मी विचारले तेव्हा तिने पुराचे सांगितले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फुटांची. मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड, कापडपेठ, सगळे पाण्यात. मी निवृत्त होऊन तीनच महिने झाले होते. आम्ही मिरजेला धाकट्या बहिणीकडे होतो आणि मोबाइलवर येईल तो संदेश पुढे ढकलत होतो. अमक्या गल्लीत आजारी आजी अडकल्या आहेत, तमक्या इमारतीत बाळंतीण आहे, ताबडतोब बोट पाठवा. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली, तेव्हा तर हात थरथरत होते आणि तरीही तेच चालू होते. आपण काहीतरी करतो आहोत, असे वाटायचे.

ती मुलगी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. मदत केंद्रावर बसल्यावर तिच्या लक्षात आले की संदेशांवर तारीख नाही, वेळ नाही. आजी कधीच बाहेर निघालेल्या असत आणि त्यांच्यासाठीचा संदेश तीन दिवस फिरत असे. पुण्या-मुंबईहून, परदेशातून लोक त्यावर फोन करत राहत. तिने आणि दोन मैत्रिणींनी तक्ता आखला. नाव, ठिकाण, फोन, संदेश मिळाल्याची वेळ, आपण स्वतः फोन करून खात्री केल्याची वेळ आणि शेवटचा रकाना, ‘मिटले’. खात्री झाल्याखेरीज पुढे पाठवायचे नाही आणि मिटले की तसे सर्वांना कळवायचे. "पाठवणारे हजार होते काकू," ती म्हणाली, "मिटलं म्हणून सांगणारं कुणी नव्हतं."

मी बँकेतली, म्हणून मला हा रकाना फार भावला. मिटलेल्या नोंदी वेळच्या वेळी कमी केल्या नाहीत तर खरी थकबाकी किती, ते कधीच कळत नाही.

आता मोठी चूक. २०२५ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एके रात्री मला एक व्हिडिओ आला. पाणीपुरीच्या गाडीवरचा माणूस पाण्याच्या पिंपात काहीतरी किळसवाणे करतो आहे. वर लिहिलेले, ‘सांगलीकरांनो सावधान! आपल्या बागेजवळच्या गाडीवर काय चालते पाहा.’ त्या बागेजवळच्या गाडीवाल्याला मी ओळखत होते. आमच्या शाखेत त्याचे पिग्मीचे खाते होते, एजंट रोज संध्याकाळी त्याच्याकडून पैसे न्यायचा. व्हिडिओतल्या माणसाचा चेहरा नीट दिसत नव्हता. मला वाटले, बघा, माणसाचे काही सांगता येत नाही. मुलेबाळे खातात तिथे, लोकांना सावध केले पाहिजे. मी तो पुढे पाठवायला घेतला तर एका वेळी एकाच ग्रुपला जाईना. मोबाइल बिघडला असे समजून मी चिकाटीने तीनदा पाठवला, एकदा माहेरच्या ग्रुपवर, एकदा भजनी मंडळाच्या आणि एकदा निवृत्त सहकाऱ्यांच्या. मग समाधानाने झोपले.

मोबाइल बिघडलेला नव्हता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे, आठवड्याच्या बाजारादिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातली ती माणसे होती. बहुतेक मंगळवेढ्याकडची, म्हणजे आमच्या जत तालुक्याच्या शेजारची. अशा अफवा तेव्हा देशभर मोबाइलवरून पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये आणखी एक बंधन आले. जो संदेश पाच किंवा अधिक हातांतून फिरत आला आहे, त्यावर दोन बाण दिसतात आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. पाठवणाऱ्याने क्षणभर थांबावे, विचार करावा, म्हणून दारात मुद्दाम घातलेला तो उंबरठा होता. मी तो तीनदा ओलांडला. राईनपाड्याची बातमी मी वर्तमानपत्रात वाचली होती, डोळ्यांत पाणी आले होते. पण त्या बातमीतली माणसे अडाणी, आणि आपण शहाण्या, अशी मनाची वाटणी झालेली होती.

दुसऱ्या दिवशी माडीवर गेले तर ती तोच व्हिडिओ बघत होती. तिच्या एका ग्राहकाने, त्याचा धंदा मी सांगत नाही, तो आपल्या दुकानाच्या पानावर टाकायला सांगितला होता. खाली लिहायचे, ‘आमच्याकडे स्वच्छतेची हमी.’ मी उत्साहाने म्हणाले, "अगं, मीही कालच पाठवला." तिने व्हिडिओ नवव्या सेकंदाला थांबवला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

मागे एक रिक्षा उभी होती. तिच्या नंबरातली पहिली दोन अक्षरे दिसत होती आणि ती एमएच नव्हती. सांगलीचे एमएच १० तर दूरच, ती गाडी महाराष्ट्रातलीच नव्हती. पलीकडच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरे देवनागरी नव्हती. आणि गाडीभोवतीच्या माणसांच्या अंगात स्वेटर होते, एकाच्या गळ्याला मफलर होता. मे महिन्यात, सांगलीत!

बोटभर धनादेशावरची सही नमुन्याशी ताडून पाहताना शेवटच्या अक्षराची शेपटी कुणीकडे वळते, ते बघणारी बाई मी. मला स्वेटर दिसले नाहीत.

ग्राहकाला तिने माझ्यासमोरच फोन लावला. "दादा, हा आपल्याकडचा नाही. मी टाकणार नाही." पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. "तुम्ही दुसऱ्या कुणाकडून टाकून घेतलात तरी तो आपल्याकडचा होत नाही," असे ती शेवटी म्हणाली आणि फोन ठेवला. तिचे कान लाल झाले होते.

संध्याकाळी आम्ही दोघी बागेजवळ गेलो. गाडीपुढे कुणी नव्हते. एरवी त्या वेळेला उभे राहायला जागा नसते. तिने मोबाइल काढलेला पाहताच तो माणूस म्हणाला, "आता आणि व्हिडिओ नको ताई. पाया पडतो." तिने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि दोन प्लेट पाणीपुरी मागितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तो आपणहून बोलला. चार दिवसांत पुऱ्यांची निम्मी पाकिटे परत द्यावी लागली, मुलगी विचारते बाबा तुम्ही असं करता का. मग तिने त्याची परवानगी घेऊन चाळीस सेकंदांचे चित्रण केले. त्यात पुदिना धुणारे हात होते, पाण्याचा जार होता आणि अन्न सुरक्षा कायद्याखाली छोट्या विक्रेत्यांना घ्यावे लागणारे नोंदणीचे प्रमाणपत्र होते. ते त्याने लॅमिनेशन करून गाडीच्या आतल्या बाजूला लावले होते, जिथे ते गिऱ्हाइकाला दिसणे शक्यच नव्हते! जुन्या व्हिडिओचा तिने एका शब्दाने उल्लेख केला नाही. "नाव घेतलं की ज्यांनी बघितला नव्हता तेही शोधून बघतात," म्हणाली. कोपऱ्यात तारीख घातली.

"पैसे कोण देणार तुझे?" मी विचारले.

"ते राहू द्या. तुम्ही एक करा काकू. ज्या तीन दारांतून तो गेला त्याच तीन दारांतून हा जाऊ दे. आणि वर दोन ओळी तुमच्या पाहिजेत."

पूर्वी लेजरमध्ये चूक झाली तर खोडायची परवानगी नव्हती. चुकीच्या आकड्यावर लाल शाईने रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी आपली छोटी सही करायची. चूक वाचता आली पाहिजे आणि ती कुणी दुरुस्त केली तेही. मोबाइलवर सर्वांसाठी पुसून टाकायची सोय आहे, पण तिची मुदत टळून गेली होती. आज वाटते, बरे झाले. त्या दोन ओळी लिहायला मला एका प्रकरणाइतका वेळ लागला. ‘मंगळवारी रात्री मी पाठवलेला व्हिडिओ सांगलीचा नाही. मी खात्री न करता पाठवला, ही माझी चूक आहे.’ तिन्ही ग्रुपवर मिळून बरेच हात जोडले गेले. भजनी मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, "तरीही काळजी घेतलेली बरी." पहिला व्हिडिओ ज्यांनी पुढे पाठवला होता, त्यांतल्या किती जणांनी दुसरा पाठवला, हे मी विचारले. दोघांनी.

महिनाभराने गाडीवरची गर्दी बरीचशी परत आली. वाढदिवसाच्या ऑर्डरी देणाऱ्या दोन सोसायट्या मात्र आल्या नाहीत. मी एक दिवस त्याला सांगून टाकले की तो पुढे पाठवणाऱ्यांत मीही होते. त्याने पुरीला भोक पाडता पाडता माझ्याकडे पाहिले. "तिखट चालतंय न्हवं बाई?" एवढेच विचारले.

या सगळ्यानंतर माझे जे मत झाले आहे ते मांडते. बँकेत मोठ्या रकमेचे व्हाउचर सहसा एका सहीवर जात नाही. एक लिहितो, दुसरा तपासतो. संगणक आल्यावरही तेच राहिले. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने आपल्या टेबलावरून ती मंजूर करायची. पहिला अप्रामाणिक असतो म्हणून दुसरा नसतो. पहिला थकलेला असतो, घाईत असतो, समोरच्या माणसाच्या दडपणाखाली असतो, म्हणून असतो. गावातले बडे प्रस्थ काउंटरवर येऊन नियमाबाहेरचे काही मागू लागले, तर अठरा वर्षांचा क्लार्कसुद्धा नम्रपणे म्हणू शकायचा, "साहेबांची सही लागेल." त्या एका वाक्याच्या आडोशाला आम्ही सगळे उभे होतो.

या मुलीला असा आडोसा नाही. जो मजकूर बाहेर जावा म्हणून आग्रह धरतो, तोच तिला पैसे देतो. वर्तमानपत्रात बातमीदाराच्या वर संपादक असतो. तिच्या वर कुणी नाही, शेजारच्या टेबलावरही कुणी नाही. आज प्रत्येक तालुक्याच्या गावी अशा माड्यांवर अशी मुले-मुली बसलेली आहेत. निवडणुका आल्या की त्यांच्याकडे काय काय मागितले जात असेल, याची कल्पनाच केलेली बरी. नियम नाहीत असे नाही. पैसे घेऊन केलेली शिफारस असेल तर तसे स्पष्ट लिहिले पाहिजे, असे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये सांगितले, केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. पण दिल्ली-मुंबईचा नियम आमच्या लोखंडी जिन्यापर्यंत चढून येत नाही. सरकारने सगळे तपासावे, असेही मला वाटत नाही. तपासनीस शेजारच्या टेबलावर हवा, चौकीत नको.

मला वाटते, व्यापाऱ्यांच्या संघटनांनी यात लक्ष घालावे. काम देताना साधा लेखी करार असावा आणि त्यात ‘खात्री न झालेला मजकूर नाकारण्याचा अधिकार’ असे एक कलम असावे. कॉलेजांत डिजिटल मार्केटिंगचे वर्ग निघाले आहेत. तिथे विकायचे कसे ते शिकवतात. नाही कसे म्हणायचे, त्याचा एक तास ठेवायला काय हरकत आहे? गावातल्या या मुलांनी एकमेकांचे मजकूर तपासावेत, असेही मी तिला सुचवले. तिने ते मनावर घेतले आहे. मिरजेतला एक मुलगा आणि ती, शंका असेल ते एकमेकांना पाठवतात. तो मुलगा तिचा स्पर्धक आहे, हे विशेष.

आणि आपण? पगारासाठी मजकूर टाकणाऱ्या त्या मुलीने नऊ सेकंद थांबून पाहिले, आणि फुकट पाठवणाऱ्या मी नाही. गावाची बदनामी करायला आता धंदेवाईक माणसांची गरजच उरलेली नाही, निवृत्त माणसे पुरेशी आहेत. आमच्या घरात हल्ली असा नेम आहे की, पुढे पाठवायचे ते आधी एकमेकांना दाखवायचे. आमचे यजमान आळशी आहेत. ‘बघतो’ म्हणतात आणि बघत नाहीत. त्यामुळे माझे निम्मे संदेश त्यांच्यापाशीच पडून राहतात. देशाचे त्यात काही अडले आहे असे दिसत नाही.

हा लेख पाठवण्यापूर्वी तिला वाचायला दिला. दुसरी सही म्हणून. तिने दोन ठिकाणी पेन्सिलीने खूण केली. एका ठिकाणी त्या ग्राहकाचा धंदा ओळखू येत होता. ते मी काढले. दुसरी खूण ‘सोळा ग्राहक’ या शब्दांवर होती आणि समासात तिने ‘१४’ असे लिहिले होते. पण पहिल्या भेटीच्या वेळी ते सोळाच होते, म्हणून वर तो आकडा मी तसाच ठेवला आहे.